इंटरप्ट व्हेक्टर (हार्डवेअरने प्रोसेसरला हाक मारायची एकेक वाट) मागणारं कर्नल फंक्शन डिझाइन करतोय. मागितले तेवढे मिळाले नाहीत तर रिटर्न काय करावं? आणि एमएसआय-एक्स, एमएसआय (या दोन्हीत कार्ड मेसेज पाठवून इंटरप्ट देतं), जुनी लाइन (वेगळी तार) यांना वेगळी फंक्शन्स ठेवू की एकच?

रिटर्नचं आधी सांगतो, कारण त्यापायी माझी एक चवथ, म्हणजे आमची गोव्याची गणेशचतुर्थी, गेलीय.

२०१३ ची गोष्ट. वेर्ण्याला एका कंपनीत होतो, डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डं बनवायचो. चवथीच्या आठवड्यात कार्डाचं स्वस्त मॉडेल आलं आणि ड्रायव्हर लोडच होईना. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एक ओळ, फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू ० (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टचा नंबर), आणि पुढे कंसात टायमर. आमच्या कार्डाचा टायमरशी काय संबंध? हार्डवेअरवाल्यांनी बोर्ड बदलून बघितला, बायॉस बदलून बघितलं, मी तीन दिवस प्रिंटके (लॉगमध्ये छापणाऱ्या ओळी) टाकत बसलो. शेवटी सापडलं ते असं, की ड्रायव्हर १६ व्हेक्टर मागत होता आणि या मॉडेलच्या टेबलात जागाच ८. तेव्हाचं पीसीआय_एनेबल_एमएसआयएक्स काम झालं तर ० द्यायचं, एरर आली तर मायनस, आणि जास्त मागितले तर 'एवढे मिळतील' म्हणून प्लस आकडा, पण त्या वेळी हातात एकही व्हेक्टर पडत नसे. आमच्या रॅपरने (त्यावर आम्ही चढवलेलं आमचं फंक्शन) तो ८ तसाच वर पाठवला, ड्रायव्हरमध्ये चेक होता फक्त मायनसचा, त्यामुळे ८ म्हणजे सगळं ठीक. मग एंट्रीजमध्ये (मिळालेले आयआरक्यू नंबर ज्यात भरले जातात ते टेबल) पडलेलं ० घेऊनच रिक्वेस्ट_आयआरक्यू मारलं, म्हणजे त्या नंबरला आपला हँडलर जोडायला गेलो, आणि एक्स८६ वर ० टायमरचा.

रॅपर लिहितानाच मी सिनियरना म्हटलेलं, "सर, मिनिमम मॅक्सिमम दोन्ही घेऊया, मिळाले तेवढे परत देऊया, मिनिममपेक्षा कमी असतील तर सरळ एरर." ते म्हणाले, "कर्नलवाल्यांनी विचार करूनच केलंय ते, तू त्यांना शिकवू नको." आणि बग सापडल्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, ड्रायव्हरवाल्याने डॉक्युमेंटेशन वाचायला नको? ड्रायव्हरवाला मीच. फोंड्याला घरी पोचलो तर माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून झालेली, बाबांनी एकट्याने स्टुलावर चढून बांधलेली.

पुढच्याच वर्षी ३.१४ कर्नलमध्ये मिनिमम-मॅक्सिममवाली रेंज फंक्शन्स आली, २०१६ मध्ये ४.८ ला पीसीआय_अ‍ॅलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स आलं, आणि जुनं फंक्शन नंतर काढूनच टाकलं. एका रिटर्नला तीन अर्थ दिले की चूक बनवणाऱ्याची, वापरणाऱ्याची नाही. सरांना हे मी आजही तोंडावर सांगेन. म्हणून तुम्हीही मी तेव्हा सरांना सुचवलं तसंच ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकच फंक्शन ठेवा, कुठले प्रकार चालतील ते फ्लॅगमध्ये घ्या, आत आधी एमएसआय-एक्स, मग एमएसआय, मग लाइन असं उतरत या. तीन फंक्शन्स ठेवलीत तर हीच शिडी प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने लिहितो आणि कुठेतरी चुकतो. कितव्या व्हेक्टरला कुठला आयआरक्यू नंबर ते विचारायला वेगळं छोटं फंक्शन द्या, म्हणजे एंट्रीजचं टेबल ड्रायव्हरच्या हातात जातच नाही. आमच्याकडे ते हातात होतं म्हणूनच ० वापरला गेला.

हे सगळं पीसीआय (कॉम्प्युटरमध्ये कार्डं ज्या बसवर लागतात ती) धरून बोलतोय हां, जिथे एमएसआयला जास्तीत जास्त ३२ आणि एमएसआय-एक्सला २०४८ पर्यंत मागता येतात. मायक्रोकंट्रोलरसाठी लिहीत असाल आणि लाइनी बोर्डवरच ठरलेल्या असतील तर मिनिमम-मॅक्सिमम नको, नुसता नंबर घ्या, पण तिथेही रिटर्नमध्ये प्लस आकड्याला 'नाही मिळालं' हा अर्थ देऊ नका.