नवीन मशीन आणलं, ट्रेनिंग दिलं, तरी कामगार जुन्याच पद्धतीवर जातात. मोकळीक दिली तर फरक पडेल का?

तुमचं बियाणं प्रक्रियेचं युनिट जालन्याला आहे. नवीन ग्रेडिंग लाइन बसवली, नोंदीसाठी टॅब दिले, तीन दिवस ट्रेनिंगही झालं, आणि तरी माणसं मनापासून वापरत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी सतरा वर्षं वाळूजच्या एमआयडीसीत आहे. आधी सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) ऑपरेटर होतो, मग सेटर, म्हणजे मशीनची मापं लावून देणारा, झालो, आता शिफ्ट बघतो. माझ्या अनुभवाने सांगतो, फरक पडतो आणि भरपूर पडतो. फक्त मोकळीक कशाची, ते आधी ठरवा. मशीन वापरायचं की नाही, हे कामगाराने ठरवायचं नाही. पण मशीन चुकायला लागलं की समोर उभ्या असलेल्या माणसाला ते तिथल्या तिथे सुधारता आलं पाहिजे.

आमच्याकडे बुशच्या बोअरचं, म्हणजे नळीसारख्या पार्टच्या आतल्या भोकाचं, काम चालायचं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेला की बोअर लहान येतो आणि माप तपासायचा प्लग गेज आत जात नाही. इलाज साधा आहे, ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापात, दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) वाढवायचे. पण ऑफसेट बदलायची चावी सेटरकडे, आणि रात्रपाळीला सेटर नाही. बीडकडचा एक पोरगा रात्री अडीचला मशीन बंद करून बसला. सकाळी बोलणी खाल्ली, प्रॉडक्शन का थांबवलं म्हणून. पुढच्या आठवड्यात त्याने तसंच चालू ठेवलं, तर दीडशे पीस रिवर्कला, म्हणजे पुन्हा करायला, गेले आणि पुन्हा बोलणी. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "गेज अडकायलंय हे मला दिसतंय की सर. पण चावी माझ्याकडं नाही, मग बघून करू काय?"

त्याला मशीन येत नव्हतं असं नाही. शिकून उपयोग काय, हेच त्याला दिसत नव्हतं.

आम्ही चावी मशीनला लावून ठेवली. नियम एवढाच केला की वीस मायक्रॉनपर्यंत ऑपरेटरने स्वतः बदलायचं, त्यापुढे सेटरला फोन करायचा. प्रत्येक बदल शाळेच्या वहीत लिहायचा: वेळ, टूल नंबर, किती आणि कशामुळे. दोन महिन्यांनी त्याच पोराने वही पुढे केली. चहाच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन पीस नेहमी साइजच्या बाहेर येतात आणि थंडीत जास्तच, हे त्याने हेरलं होतं. मशीन गार पडतं म्हणून. मग तो सुट्टीवरून आला की आधी थोडा वेळ स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, रिकामा फिरवायला लागला. हे आम्हा सेटरांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या वेळी आम्ही तिथे नसायचो.

हे फक्त आमच्याच शॉपमध्ये घडलं असं समजू नका. १९५२ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक माग आणले. कामाचे बारीक तुकडे पाडले, २९ माणसांना १२ प्रकारची कामं वाटली. माग नवे, तरी उत्पादन अपेक्षेइतकं येईना आणि कापडातले दोषही कमी होईनात. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. मग ६४ मागांना सात माणसांची एक टोळी अशी मांडणी झाली. ती कल्पना विणकरांनी स्वतःच उचलून धरली आणि टोळ्या आपापसात ठरवल्या. माग तेच राहिले, काम मात्र सुधारलं.

पुढे १९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या टोबी वॉल आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर हेच तपासलं. ऑपरेटरला बिघाड हाताळू दिला की मशीन कमी वेळ बंद राहतं. कारण माणूस नुसता लवकर दुरुस्त करत नाही, बिघाड येण्याआधीच ओळखायला लागतो. आणि ज्या मशीनचं वागणं सारखं बदलतं, तिथे हा फायदा जास्त दिसला. तुमच्या कामाचं हेच आहे. लॉटागणिक ओलावा बदलतो, दाण्याचं वजन बदलतं.

टॅबबद्दल. आमच्याकडेही आला होता. मशीन का थांबलं त्याची चौदा कारणं ऑफिसने भरून दिली होती आणि सगळे 'इतर' दाबायचे. महिनाभराचा रिपोर्ट काढला तर पानभर 'इतर'. शेवटी तिन्ही पाळ्यांच्या माणसांना बसवून कारणं त्यांच्याच तोंडून लिहून घेतली. 'क्रेनची वाट', 'चिप अडकली', 'गेज सापडेना'. त्यानंतर नोंदी खऱ्या यायला लागल्या.

सुरक्षेच्या गोष्टीत मात्र कसलीही सूट देऊ नका. दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा), पार्ट पकडणाऱ्या चकचं प्रेशर यांना कोणी हात लावायचा नाही. आणि न शिकवता मोकळीक दिली तर ती नुसती जबाबदारी ढकलणं होतं, माणसं बरोबर ओळखतात. कंत्राटी पोरगा सहा महिन्यांनी घरी जाणार असेल तर तो जीव लावून शिकणार नाही, आणि त्यात मला त्याचा दोष वाटत नाही. त्याला टिकवायचं तुम्हाला बघावं लागेल.

आता तुमच्या लाइनवर एवढं बघा. हलका-जड दाणा वेगळा करणाऱ्या ग्रॅव्हिटी सेपरेटरवर हलका दाणा चांगल्या मालात यायला लागला, तर हवा कमी-जास्त करायची परवानगी तिथे उभ्या असलेल्या माणसाला आहे का? की तो सुपरवायझरची वाट बघतो? ते इथे लिहा, मग किती सूट कुठपर्यंत द्यायची ते बोलू.