प्रार्थनाच सुचत नाही, अशा दिवसांत देवावर विश्वास कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घरात लांबलेलं आजारपण, डोक्यावर कर्ज, प्रार्थनेला उत्तर नाही, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक म्हणतात, ही देवाची परीक्षा आहे, विश्वास धरा. तो धरायचा म्हणजे नक्की काय करायचं, आणि धरवतच नसेल तर आपण नापास झालो का, असं तुम्ही विचारलंय.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माझा तळमजल्याला एक गाळा आहे, तिथे ब्लाऊज शिवते आणि फॉल-पिको करते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 ची आहे, म्हणजे अंदाज करा. पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, कर्ज काढून नवी मशीन घेतली, आणि नाताळाआधीच्या रविवारी मंडळीत उभी राहून साक्ष दिली. प्रभूने सावरलं, आता तो आमच्या दाराला पाणी लागू देणार नाही, असं म्हणाले. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. पुढे 2021 च्या जुलैत त्याच दारातून पाणी पुन्हा आत आलं.

खरं सांगते, गेलेल्या कपड्यांपेक्षा ती साक्ष मला जास्त टोचायची. तसं वचन देवाने मला कधी दिलं नव्हतं, मीच त्याच्या नावाने बोलून बसले होते. हे कळायला मला फार वेळ लागला. तोवर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हटलं की पुढचे शब्द यायचे नाहीत.

अशात एक बंधू घरी आले आणि म्हणाले, लपलेलं पाप असेल तर कबूल करा. मी रात्रभर आठवत बसले. तुम्हालाही कोणी असं म्हटलं असेल तर ऐका. गल्लीतल्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्तीही त्याच पाण्यात गेल्या, त्यांचं वर्षाचं पोट गेलं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा येशूने लोकांना विचारलं, ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच 'नाही' म्हणून उत्तर दिलं. बायबलमधल्या लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. पापाचा हिशेब मांडत बसू नका.

मला ज्यांनी सावरलं त्या आमच्या महिला मंडळातल्या एक आजी. त्या भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. मी दोऱ्याची रिळं धुऊन ठेवली होती, पण दोरे एकमेकांत गुंतले होते, वर चिखल सुकलेला. आजींनी तो गुंता मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक टोक शोधून गुंडाळत बसल्या. दोरा कुजलाय, टाकूनच द्यायचाय, असं मी म्हणाले. "असू दे," म्हणाल्या. दुपारभर बसल्या होत्या. पवित्र शास्त्रातलं एकही वचन सांगितलं नाही. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, तू कायबी म्हणू नगंस. आमी म्हणतो. आमेन म्हणावंसं वाटलं तर म्हण, न्हाईतर नुसती बस."

पुढचे कितीतरी महिने मी नुसती बसले.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघात झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणतात, छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने 'त्यांचा विश्वास पाहून' त्या माणसाला क्षमा केली. खाटेवरच्याच्या विश्वासाबद्दल वेगळं काही लिहिलेलं नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. विश्वास दर दिवशी एकट्याच्या मुठीत धरायची वस्तू नाही. काही दिवस खाटेवर असतात, तेव्हा खाट उचलणारे शोधा. तुम्ही मंडळीत 'सगळं ठीक आहे' म्हणता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. ते आधी थांबवा. दोघा-तिघांना तरी खरं सांगा.

आणि परीक्षा आवडून घ्यायची नसते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच आहे, 'आम्हाला परीक्षेत आणू नकोस.' पकडून नेण्याआधी गेथशेमाने बागेत त्यानेही दुःखाचा प्याला टळून जावा म्हणून विनवलं. तेव्हा 'देवा, हे थांबव' म्हणणं अविश्वास नाही. तक्रारही करा, फक्त त्याच्याकडेच करा. तेरावं स्तोत्र 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं सुरू होतं, सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचा. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे. सगळं गमावलेला ईयोब देवाशी भांडला आणि त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेतली. शेवटी देव त्या मित्रांवर रागावला, माझा सेवक ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत, म्हणाला. मी हे वाचून गाळ्यात एकटी रडले होते.

साक्षी आपण शेवट गोड झाल्यावर देतो, त्यामुळे मधल्या वर्षांचं कोणी बोलत नाही. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन सगळे सांगतात. पण आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ, मग नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या बाईची ही आयुष्याची वाट. 1922 मध्ये त्याही गेल्या.

माझं माहेर हुपरीचं, माझे वडील, अण्णा, चांदीचं काम करायचे. पवित्र शास्त्रातल्या मलाखीच्या पुस्तकात लिहिलंय की देव रुपे, म्हणजे चांदी, शुद्ध करणाऱ्यासारखा 'बसेल'. प्रवचनात सांगतात की सोनाराला चांदीत स्वतःचा चेहरा दिसतो, तेव्हा ती शुद्ध झाली. अण्णांनी चेहरा पाहिलेला मी कधी बघितला नाही. मी एवढंच बघितलंय की मूस, म्हणजे चांदी वितळवायचं भांडं, भट्टीत असली की ते जागचे हलत नसत. आईने जेवायला दहा हाका मारल्या तरी उठायचे नाहीत. ते 'बसेल' वाचलं की मला अण्णांची पाठ दिसते.

झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडेही जा. त्याने विश्वास उणा होत नाही.

बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना लागून इशारा आला की मी अजूनही घाबरते. मशीनची मोटर काढून पोटमाळ्यावर चढवते आणि 'आणू नकोस' म्हणत राहते. बुधवारी आमच्याकडे बायकांची प्रार्थनासभा असते. तुमचं नाव मला ठाऊक नाही, लागणारही नाही. या बुधवारी आजींना सांगते, खाटेवर एक जण आहे, उचलायचं आहे.