आमच्या धुळ्याच्या कॉलेजात ‘उत्कृष्ट शिक्षक’ पुरस्कार आहे, तसा ग्रंथपालांनाही देता येईल का? निकष काय ठेवावेत?

हो, जरूर द्या. फक्त वर्षभरात किती पुस्तकांची देवघेव झाली यावर नको, मुलांच्या शिकण्यात ग्रंथपालांचा हात किती लागला यावर द्या. जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतोय. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली, घरी पावरी बोलणारी मुलगी प्रकल्पाला संदर्भ शोधायचे म्हणजे काय, हे वर्गात शिकली नाही. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी तिला शेजारी बसवून एन-लिस्टवर (कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या ऑनलाइन सेवेवर) लॉगिन करून दिलं, शोधशब्द बदलून बदलून लेख काढायला लावले, संदर्भसूचीतला स्वल्पविरामसुद्धा तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतला. हे अध्यापनच आहे, आणि ते कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही!

निकष थोडेच ठेवा:
- संदर्भ शोधणं, वाङ्मयचौर्य टाळणं यावर घेतलेली सत्रं
- प्राध्यापकांसोबत मिळून केलेलं काम
- विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले अभिप्राय (माझ्या मते सगळ्यात वजन यालाच हवं)

पुरस्कार १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, द्या. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कार्यकर्त्यांसाठी आणि सेवकांसाठी आहे, म्हणून कॉलेजनेच पुढाकार घ्यायला हवा. मात्र ग्रंथालयात एकच माणूस असेल, तर आधी मदतनीस द्या. नुसती शाल-श्रीफळ देऊन त्यांना शिकवायला वेळ मिळणार नाही.