ट्रस रॉड नसलेला जुना मॉड्युलस बेस घ्यावा का? ग्राफाइट नेक खरा आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅन होजेत एकाकडे मॉड्युलस या अमेरिकन कंपनीचा जुना क्वांटम मॉडेलचा बेस गिटार विकायला आहे, नेक ग्राफाइटचा (म्हणजे कार्बन फायबरचा) आहे आणि त्यात ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायचा आतला धातूचा दांडा) नाही असं तो सांगतो. कंपनी बुडाल्याचं तुमच्या कानावर आलंय आणि बेस पुढेमागे पुण्याला न्यायचा आहे.

ट्रस रॉड नाही, तर सगळा सौदा नेकच्या मोजमापावर ठरवा. पिकअप, प्रीॲम्प, ब्रिज, ट्यूनर यांतलं काहीही उद्या बदलता येईल. नेक वाकडा निघाला तर पाना लावून फिरवायला त्यात काहीच नाही. मॉड्युलस 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यामुळे जुन्या वॉरंटीवर नवा नेक मिळेल हा विचार सोडून द्या.

जाताना कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मोजपट्टी आणि 9 व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या न्या. बेस पूर्ण सुरात लावायला सांगा. विकणाऱ्याने तारा सैल सोडल्या असतील तर मोजण्यात अर्थ नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, त्याच तारेवर शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेच्या खाली फ्रेटच्या माथ्यापर्यंत किती फट आहे ते फीलर गेजने पाहा. 0.2 ते 0.4 मिमी असेल तर उत्तम. 0.1 सुद्धा हलक्या हाताच्या वादकाला चालतं. फट अजिबातच नसेल, तार मधल्या फ्रेटना टेकत असेल, तर नेक सपाट आहे किंवा मागे झुकलाय आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खडखडाट होणार. 0.6 च्या पुढे गेली तर नेकच्या मध्यावर तारा कायम उंच राहणार.

हेच मोजमाप सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही तारांवर घ्या. दोन्हींत मोठा फरक आला तर नेकला पीळ आहे. मग किंमत कितीही पाडली तरी मी तो घेणार नाही.

किरकोळ बाक फ्रेट घासून जिरवता येतो, पण फ्रेटची उंची तेवढी शिल्लक हवी. त्याहून जास्त बाक असेल तर सगळे फ्रेट काढून फ्रेटबोर्डच घासावा लागतो. जुन्या नेकवर तो बहुधा फिनॉलिकचा (राळेपासून केलेला कडक पदार्थ) असतो. फ्रेट उपटताना फिनॉलिकचे टवके उडतात, म्हणून कारागीर असं काम केलेला हवा. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यामुळे मास्क लावून, ओलं घासणं बरं. लाकडी नेक काही जण उष्णता देऊन दाबून सरळ करतात. तो उद्योग इथे कुणालाही करू देऊ नका: इपॉक्सी मऊ पडतं आणि फ्रेटबोर्डचा जोड सुटू शकतो. जाड तारा लावल्या की नेक ओढला जाईल असंही सांगतात, पण ग्राफाइट इतकं ताठ असतं की फरक नावापुरताच पडतो.

ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त आहे पण फट बरोबर आहे, तर दोष बहुधा नेकच्या कोनात. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेल्या, नेकखाली पातळ शिम (पाचर) घालून तो सुटतो. नेक-थ्रू बेसला, म्हणजे नेक बॉडीतून आरपार जातो त्याला, ही सोय नाही. तिथे सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) तळाला टेकूनही तारा उंच असतील तर नाद सोडा.

आता खरा-खोटा. नेकच्या पाठीवर कार्बनचे धागे दिसतात म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, कार्बनच्या नक्षीचं विनाइल कुठेही मिळतं. नटजवळ (डोक्याकडची तारांच्या खाचांची पट्टी) आणि हीलपाशी (नेक बॉडीला जुळतो तिथे), जिथे वळण संपतं, तिथे नखाने चाचपा. चिकटवलेल्या कागदाची कड तिथे लागते. उलट काही अस्सल नेक रंगवलेलेही असतात. फिनॉलिक फ्रेटबोर्ड एकसारखा काळा असतो, त्यात लाकडाची छिद्रं किंवा रेषा नसतात. नंतरच्या काळात लाकडी फ्रेटबोर्डही आले, त्यामुळे लाकूड दिसलं म्हणून नकली ठरत नाही. मला सर्वांत भरवशाची वाटते ती कानाची परीक्षा: जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर लांब धरा. बोल्ट-ऑन लाकडी नेकवर तिथे कुठेतरी बहुधा एक सूर लवकर मरतो. चांगल्या ग्राफाइट नेकवर सगळे सूर जवळपास सारखे टिकतात.

नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा. 44.45 सेमी आले तर स्केल (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) 35 इंची, क्वांटमला तेच शोभतं. 43.18 आले तर 34 इंची, आणि मग विकणाऱ्याला विचारा की हे नेमकं कोणतं मॉडेल.

काळ ठरवायला थोडा इतिहास लागतो. जेफ गूल्ड हे कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोच्या फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करत. उपग्रहांसाठी वापरला जाणारा कार्बन फायबर गिटारच्या नेकला का नको, या कल्पनेतून 1978 मध्ये मॉड्युलस ग्राफाइट उभी राहिली. गूल्ड नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाहेर पडले आणि साधारण त्याच सुमारास ट्रस रॉडचे नेक येऊ लागले. तेव्हा ट्रस रॉड नसणं हे जुनेपणाशी जुळतं. कंट्रोलचं झाकण उघडू दिलं तर पॉटची (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठ वाचा. 137 ने सुरू होणारा आकडा पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचा: 1378923 म्हणजे 1989 चा 23 वा आठवडा. बेस त्याच्या आधीचा नाही एवढंच यातून कळतं, आणि पॉट बदललेलाही असू शकतो.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरीच्या क्लिपवर हिरवट गंज आहे का तेही पाहा. ॲक्टिव्ह सर्किट बहुधा जॅक खुपसला की चालू होतं. विकणाऱ्याने केबल तशीच ठेवली असेल तर बॅटरी मेलेली असते आणि पिकअप गेल्यासारखा वाटतो. नव्या बॅटऱ्या त्यासाठीच न्यायच्या.

पुण्याच्या पावसाळ्याचं विचाराल, तर नेकला काही होत नाही. बॉडी लाकडाची आहे, ती दमट हवेत थोडी फुगते-आकसते, पण त्यापायी ॲक्शन फारसा हलत नाही. खरी अडचण तारांची. 35 इंची स्केलला काही सेट तोकडे पडतात आणि तारेचा जाड भाग नटच्या अलीकडेच संपतो. बेस हातात असतानाच ब्रिजवर तारेचा बॉल टेकतो तिथून नटपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, आणि सेट मागवताना पाकिटावरच्या लांबीशी ताडून पाहा.