वाचकांचे प्रश्न : अनपेक्षित संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचे?

आयुष्य ठरवल्याप्रमाणे चालत नाही, तेव्हा देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा एकच प्रश्न या वेळी निरनिराळ्या घरांतून आला आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतील मुख्य मजकूर तेवढा घेतला आहे आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे पती शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मोल्डिंगच्या कामावर होते. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात अजून चालत नाही. मुलगी बारावीला आहे. पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत. आम्ही नियमाने उपासनेला जाणारी माणसे. परंतु घरी प्रार्थनेला आलेल्या काही जणांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की घरात एखादे लपलेले पाप असेल तर ते कबूल करा. विश्वास पुरता असता तर एव्हाना ते उठून कामाला लागले असते. तेव्हापासून माझ्याने नीट प्रार्थना होत नाही. रात्री मी देवाशी भांडते आणि सकाळी त्याचीच भीती वाटते. माझा विश्वास खरोखर कमी पडला का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या पतींचा आजार म्हणजे तुमच्या विश्वासावर देवाने दिलेला निकाल आहे, असे सांगण्याचा अधिकार पवित्र शास्त्राने कोणालाही दिलेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी. आणि प्रभू येशूने दोन्ही तर्क नाकारले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभूने तेथे बजावले. पश्चात्तापाची हाक त्याने त्या वेळी जरूर दिली, परंतु ती समोर उभ्या असलेल्या सर्वांना दिली, मेलेल्यांच्या घरच्यांकडे बोट दाखवून दिली नाही.

तुमच्या घरी आलेल्यांनी जे केले ते जुन्या करारातील ईयोब या अपार दुःख सोसणाऱ्या नीतिमान माणसाच्या मित्रांनीही केले होते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही. त्यांच्या हातून घडलेली तेवढी एक चांगली गोष्ट. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्या दुःखामागे तुझाच दोष असणार, हे ते नाना प्रकारे सिद्ध करू लागले. ईयोबाच्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो आणि माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांना सांगतो. आता हा ईयोब काय काय बोलला होता, तेही पाहा. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला जाब विचारला होता, मला मारायचेच असेल तर मारून टाक, असेही म्हटले होते. देवाने ज्याची बाजू घेतली तो देवाशी भांडणारा माणूस होता, आणि ज्यांना त्याने दोषी ठरवले ते देवाची वकिली करायला निघालेले होते. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कोणाच्या दुःखाचा अर्थ सांगायला पुढे होण्याआधी आपण प्रत्येकाने हा अध्याय वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

तेव्हा रात्री तुम्ही देवाशी जे भांडता ती तुमची प्रार्थनाच आहे. ज्याच्यावरचा भरवसा पूर्ण उडाला त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही, त्याला सोडून देतो. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच, हे परमेश्वरा, कोठवर, अशा आक्रोशाने होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी एखादी समाधानाची ओळही त्यात नाही, आणि तरीही शतकानुशतके देवाचे लोक ते उपासनेत म्हणत आले आहेत. विश्वासाचे मोठे उदाहरण म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात उघडपणे लिहितो, की आसिया प्रांतात आमच्यावर आलेल्या संकटाचा भार इतका झाला, की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात, शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून आपण तीनदा विनंती केली, असे तो सांगतो. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास अपुरा होता म्हणून काटा राहिला, असे कोणी म्हणणार आहे का?

भरवसा म्हणजे भीती न वाटणे नव्हे आणि संकटाचे कारण कळणेही नव्हे. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. वाचकाला ते पहिल्या दोन अध्यायांत कळते, ईयोबाला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, कारण न कळताही देवाकडे पाठ न फिरवणे, आहे तो राग आणि आहे ती भीती त्याच्याच पुढे ठेवणे आणि आजच्या दिवसाचे काम आज करणे, याचे नाव भरवसा. तुम्ही पतींना भरवता, त्यांचा हात हलवून घेता, मुलीला अभ्यासाला बसवता. हे सगळे त्यातच आले. प्रार्थनेसाठी शब्द सापडत नसतील तेव्हा एखादे स्तोत्र मोठ्याने वाचा आणि तेही जमले नाही तर नुसत्या बसा. पवित्र आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हत विनंती करतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे.

आता व्यवहाराचे. पतींच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत होती का, हे पगाराच्या पावतीवर पाहा. होत असेल तर आजारपणाच्या काळातील भत्ता त्यांना मागता येतो आणि अर्धांगवायूसारख्या दीर्घ आजारासाठी, नियमांत बसत असल्यास, वाढीव मुदतीची तरतूद आहे. फिजिओथेरपी थांबवू नका. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अवयवांत सुधारणा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पतसंस्थेला तोंडी विनंती न करता लेखी अर्ज द्या, आजारपणाची कागदपत्रे सोबत जोडा आणि हप्त्यांची फेरआखणी मागा. मंडळीतील एखाद्या बँकेत काम केलेल्या माणसाला तुमच्याबरोबर पाठवावे, असे पाळकांना माझ्या वतीने जरूर सांगा. प्रार्थनेला येणाऱ्यांनी पाप शोधण्याऐवजी हे काम अंगावर घेतले असते, तर तुमच्या घरी अधिक ख्रिस्ती वातावरण राहिले असते.

प्रश्न : मी राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचतो आणि पुढे राहतो. आमच्या प्रार्थना गटातील एका बंधूंनी मागच्या वर्षी सांगितले, की या वेळी तुझी निवड होणार, हे देवाने मला दाखवले आहे. त्यांनी यिर्मया २९:११ हे वचनही मला लिहून दिले. निकालात माझे नाव आले नाही. देवाने वचन मोडले, की माझेच ऐकण्यात काही चुकले?
– एक युवक, कोल्हापूर

उत्तर : प्रिय बंधू, देवाने वचन मोडले नाही, कारण हे वचन त्याने दिलेच नव्हते. ते एका माणसाने दिले, बहुधा प्रेमाने दिले, आणि देवाचे नाव घालून दिले. माणसाला धीर देण्याचा हा मार्ग सोपा आहे आणि तो फार दुखावणारा आहे, कारण निकाल लागल्यावर सांगणारा गप्प बसतो आणि ऐकणाऱ्याला मात्र देवाशी हिशेब करत बसावे लागते.

ते वचन ज्या पत्रात आहे ते पत्र सबंध वाचा. यिर्मयाने ते यरुशलेमेहून बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना पाठवले होते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे परमेश्वर त्यात म्हणतो खरे, परंतु त्याच्या आधी तो सांगतो, की त्या परक्या देशात घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, मुलाबाळांनी वाढा, त्या नगराचे कल्याण व्हावे म्हणून प्रार्थना करा. आणि मायदेशी परतण्याची मुदत तो सत्तर वर्षांची देतो. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच्याच आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही ठीक होईल, असे लोकांसमोर सांगतो, आणि तोच खोटा ठरतो. मला वाटते, आपल्या प्रार्थना गटांत यिर्मयाचे नाव घेऊन पुष्कळदा हनन्याचाच संदेश सांगितला जातो.

परीक्षा पुन्हा द्यावी की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे, आणि ते ठरवण्यासाठी दृष्टान्ताची वाट पाहू नका. किती गुणांनी राहिलो, कोणत्या पेपरात राहिलो, घरची परिस्थिती अजून किती काळ साथ देईल, हे कागदावर मांडा आणि परीक्षेची माहिती असलेल्या अनुभवी माणसाला दाखवा. नोकरी करत तयारी करणे म्हणजे देवाच्या योजनेतून बाहेर पडणे नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाचे बेत लागोपाठ अडतात. आसियात वचन सांगायला त्याला मज्जाव होतो, बिथुनियाकडे जायला निघाला तर तेही घडत नाही, आणि असा फिरत फिरत तो त्रोवसच्या बंदरावर येतो. तेथून तो मासेदोनियाला गेला, पण तिकडे जाण्याचा बेत त्याने आधी केल्याचे त्या अध्यायात लिहिलेले नाही. तेथे गेल्यावरही फिलिप्पै नगरात त्याला फटके आणि तुरुंगवास मिळाला, तेव्हा मार्ग बरोबर असला म्हणजे तो सुखाचा असतो, असेही समजू नका. त्या बंधूंना मात्र एकदा भेटा आणि शांतपणे सांगा, की तुमच्या बोलण्याने माझे असे झाले. त्यांनाही ते कळणे आवश्यक आहे.

प्रश्न : शाहूपुरीत माझे दुकान आहे. पुराचे पाणी शिरून माल गेला. आता विमा उतरवायचा विचार आहे, परंतु माझे थोरले बंधू म्हणतात, की विमा घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : विमा जरूर घ्या. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान म्हणाला, तेव्हा तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको, असे प्रभूने त्याला उत्तर दिले. नहेम्याने यरुशलेमेचा तट बांधताना शत्रूच्या भीतीने प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. एकाच वचनात दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशात धान्य साठवले, तेही देवाने पुढचे दाखवले होते म्हणूनच. मिरजेला मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरातल्या मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. जे माहीत आहे त्याची तयारी करणे हा देवाने दिलेल्या बुद्धीचा मान आहे, आणि जे माहीत नाही त्यासाठी भरवसा आहे. पॉलिसी घेताना तीत पुराने होणारे नुकसान स्पष्टपणे समाविष्ट आहे ना, हे वाचून पाहा आणि विम्याची रक्कम दुकानातील मालाच्या खऱ्या किमतीइतकी ठेवा. थोरल्या बंधूंशी वाद वाढवू नका. त्यांना नहेम्याचा चौथा अध्याय वाचायला द्या.

प्रश्न : आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी सगळे जण उत्तर मिळालेल्या प्रार्थना सांगतात. माझा मुलगा व्यसनामुळे घर सोडून गेला आहे आणि अनेक वर्षे मी त्याच्यासाठी प्रार्थना करते आहे. सांगण्यासारखे काही घडलेले नाही. मी मागच्या बाकावर बसते आणि प्रार्थना संपली की लगेच निघते. माझी साक्ष कोणती?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : आई, अनेक वर्षे तुम्ही प्रार्थना सोडलेली नाही, हीच तुमची साक्ष आहे आणि तिची मंडळीला फार गरज आहे. साक्षीच्या वेळी ज्यांचे सगळे सुरळीत झाले तेच उभे राहू लागले, तर ज्यांचे झालेले नाही त्यांना आपण देवाच्या घरात पाहुणे आहोत असे वाटू लागते. तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसला आहात त्याचे कारण हेच आहे, आणि तो दोष तुमचा नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८२ मध्ये पती गेले, आणि जिला आपल्यामागे केडगावच्या मुक्ती मिशनचे काम सांभाळण्यासाठी तयार केले होते ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्यांच्या आयुष्याच्या या भागात सुटका झाल्याची गोष्ट नाही, आणि तो वगळला तर त्यांच्या विश्वासाचा मोठा भाग आपल्याला कळतच नाही.

तुमच्या पाळकांना उपासनेच्या आधी भेटा आणि पुढच्या साक्षीच्या वेळी तुम्हाला बोलायचे आहे, असे सांगा. मुलाची सगळी हकिगत सांगण्याची गरज नाही. तो अजून परतलेला नाही आणि तुम्ही अजून वाट पाहता आहात, एवढे सांगितले तरी पुरे. तुमच्यानंतर लगेच कोणी उपदेश करू नये किंवा तो अमुक दिवसांत परत येईल असे सांगू नये, ही विनंतीही पाळकांकडे आधीच करून ठेवा. मुलाचा ठावठिकाणा माहीत असेल तर व्यसनमुक्ती केंद्राची माहिती एखाद्या विश्वासू नातेवाइकामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचवा. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असू द्या. आणि येत्या रविवारी प्रार्थना संपल्यावर लगेच निघू नका. तुमच्यासारख्याच आणखी कोणी घाईने बाहेर पडत असतील, तर त्यांना दारात थांबवून त्यांची विचारपूस करा.