बदक आणि टर्की, दोन्हींसाठी एकच शॉटगन घ्यायची तर कोणती?
अमेरिकेत शिकार करणार असाल तर १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप) पंप-अ‍ॅक्शनच घ्या, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून पुढचं काडतूस भरायची बंदूक: ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), २८ इंची नळी, बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्र्यांचा फैलाव आवळणारे तुकडे). मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७० ही मॉडेलं बघा. खरी गंमत चोकमध्ये आहे. पाणपक्ष्यांसाठी तिथे १९९१ पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत. म्हणून पोलादी छर्रे, आणि त्यांना मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ चोक बरा. टर्कीचा नेम डोक्या-मानेवर धरायचा, म्हणून एक्स्ट्रा फुल, म्हणजे खूप आवळ चोक. त्या चोकमधून पोलादी छर्रे मात्र झाडू नका, नळी फुगू शकते. बदकांना जाताना मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या नळीत) जागा कमी करणारा प्लग हवाच, बंदुकीत ३ पेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. आणि दुकानात बंदूक खांद्याला लावून बघायला जाड जॅकेट घालूनच जा! पहाटेच्या थंडीत बंदूक झटकन उचलताना दस्ता काखेत अडकला, तर बदक केव्हाच निघून गेलेलं असतं.