दूध सुटलं तरी प्रथिनं सुटू नयेत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून पोरीला दूध पचत नाही. आता तर ती दुसरंही काही खायला बघत नाही, नुसती पेज आणि बिस्किटं." दुधाचं ऐकून मला फारसं काही वाटलं नाही. पेज आणि बिस्किटांचं ऐकून मात्र झोप लागेना, म्हणून सकाळी उठल्याउठल्या लिहायला बसले.

तुझ्यासारखंच माझं वजन उतरवण्याचं पोटाचं ऑपरेशन, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मला दिलेल्या छापील कागदावर लिहिलं होतं, दिवसातून तीनदा दुधातून प्रोटीन पावडर. मी इमानानं प्यायचे. तासाभरात पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, गुरगुरायचं, मग संडासाकडे धाव. कुणी विचारलं नाही आणि लाजेपायी मीही सांगितलं नाही. हळूहळू दूध सोडलं, पावडर सोडली, जे निमूट पचतं तेवढंच खाऊ लागले: मऊ भात, पेज, साबुदाण्याची खीर, तीही पाण्यातली. पोट शांत झालं आणि मला वाटलं, सुटले. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतला. नडगीवर अंगठा दाबून पाहिला तर खड्डा पडला, आणि तो लवकर भरून येईना. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्या खड्ड्याकडे बघत राहिले. रक्त तपासलं तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, खाली गेलेलं. काट्यावर आकडा उतरत होता, पण चरबीबरोबर स्नायूही झडत होते. तुझ्यावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

दूध का पचत नाही ते आधी समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणार नाहीस. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं आणि ते लहान आतड्याच्या अस्तरावर असतं, वरच्या भागात जास्त. बायपासमध्ये अन्न नेमकं आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून पुढे जातं, तेही झरझर. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांत लॅक्टेज मुळातच कमी असतं. ऑपरेशनआधी ते कसंबसं निभावून जायचं, आता उघडं पडलं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, पाणी ओढलं जातं आणि जुलाब होतात. ही दुधाची ॲलर्जी नव्हे. दुधातल्या प्रथिनाशी तुझं भांडण नाही, साखरेशी आहे. हे एकदा मनात ठसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून पडताळ. खाल्ल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छातीत धडधड, दरदरून घाम, घेरी येत असेल, तर तो बहुतेक गोडाचा त्रास, त्याला डम्पिंग म्हणतात. अर्ध्या तासानंतर, दोन तासांपर्यंत पोट गुबारून कळा आणि जुलाब होत असतील, तर लॅक्टोजवर संशय घ्यायचा. साखर घातलेल्या दुधानं दोन्ही होऊ शकतात, म्हणून काय खाल्लं, किती वाजता आणि त्रास किती वाजता, हे तिन्ही लिही.

आता पावडर. डबा उलटा करून घटकांची यादी वाच. पहिल्या दोन-तीन नावांत दुधाची भुकटी किंवा मिल्क सॉलिड्स दिसलं तर तो डबा तुझा नाही. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत जवळपास निम्मं वजन लॅक्टोजचंच असतं. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यातलं प्रथिन. त्याच्या कॉन्सन्ट्रेट पावडरीतही लॅक्टोज बरंच उरतं. जास्त शुद्ध केलेल्या व्हे आयसोलेटमध्ये अगदी थोडं, आणि सोया किंवा वाटाण्याच्या पावडरीत मुळीच नाही. कुठलीही घेतलीस तरी पाण्यातून घे. मी आयसोलेट दुधात मिसळून आठवडाभर त्याच त्रासात काढला होता!

बायपासनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. तुझा नेमका आकडा आहारतज्ज्ञांकडून घे. घासभर पोटात ६० ग्रॅम बसवायचे तर ताटात आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भात. तुमच्याकडे अंडं चालतं हे बरं आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम. सकाळी एक अख्खं आणि दोन अंड्यांचं पांढरं, मऊसर भुर्जी करून, म्हणजे १३ झाले. मधल्या वेळी आयसोलेटचा डब्यातल्या मापाचा एक चमचा, साधारण २० ते २५. दुपारी ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९, आणि सोबत घट्ट मुगाचं वरण. पनीर चालतं, कारण लॅक्टोज बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. रात्री सोयाचा बारीक चुरा, १५ ग्रॅम कोरडा. उकळून, घट्ट पिळून, कांदा-टोमॅटोवर परतलास की ७-८ ग्रॅम. मोठ्या वड्या अजून नकोत, त्या अडकतात.

आणि चक्का. आदल्या दिवशीचं आंबटसर दही मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेव, खाली पातेलं. विरजण लागतानाच थोडं लॅक्टोज जिवाणू खातात, उरलेल्यातलं बरंचसं पाण्याबरोबर गळतं. त्या पाण्यात आईला घरच्यांची कणीक मळू दे, तू पिऊ नकोस. सकाळी घट्ट पांढरा गोळा निघतो, बोटानं दाबला तर खूण राहते. सुरुवातीला दोनच चमचे, जिरेपूड आणि मीठ घालून. श्रीखंड करायचा मोह टाळ. दोन दिवस बरं वाटलं तर वाढव. चहातल्या दुधाला लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात प्रथिनं तेवढीच असतात.

दूध कमी झालं की कॅल्शियमची बाजू गोळीनं सांभाळावी लागते. आपल्याला सायट्रेटची गोळी चांगली, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

कोजागरीला आई मसाला दुधाचा पेला पुढे करेल, कारण तिच्या लेखी ताकद म्हणजे दूध. तिला तोडून बोलू नकोस. तिला चक्का बांधायला सांग. तिच्या हाताला काम मिळेल आणि जिवाला समाधान.

उलट्या थांबत नसतील, घोटभर पाणीही टिकत नसेल, पायांवर सूज दिसली किंवा दूध बंद करूनही जुलाब चालू राहिले, तर घरी उपाय करत बसू नकोस, सर्जनला फोन कर. वारंवार उलट्यांत बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि ते थांबायची गोष्ट नाही.

पावडरच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठव. आणि संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून पाहा, काय दिसतं ते मला कळव.

तुझी,
मावशी